वजनाचं महागडं इंजेक्शन परवडत नसेल तर : सोलापूरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली एक प्रश्न सारखा येतो : "ते वजन उतरवायचं इंजेक्शन असतं ना, त्यातलं स्वस्तातलं कुठलं?" विचारणाऱ्याच्या हातात चिठ्ठी नसते, मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला ओझेम्पिक किंवा माउंजारोसारख्या इंजेक्शनाच्या पेनचा, म्हणजे औषध भरलेल्या पेनासारख्या सिरिंजचा, फोटो असतो. स्वस्त औषध शोधण्यात गैर काहीच नाही. पण हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला की पुढचा क्रम उलटा होतो. औषध आधी घेतलं जातं, तपासणी नंतर होते आणि डॉक्टर आठवतात ते उलट्या थांबेनात तेव्हा. पैसे जातात, वजन परत येतं आणि "हे औषध आपल्याला लागू पडत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. एखादा टप्पा निरर्थक वाटला तरी गाळू नका. खरी बचत पहिल्या चार टप्प्यांत आहे.

टप्पा १ : गरज आहे का, ते मोजून ठरवा

सकाळी, पोट साफ झाल्यावर, चपला काढून वजन घ्या. उंची भिंतीला टेकून मोजा. ओळखपत्रासाठी कधीतरी सांगितलेली उंची धरू नका. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १६० सेंमी आणि वजन ७२ किलो असेल, तर ७२ भागिले २.५६, म्हणजे २८.१.

आपल्याकडे २३ पासून पुढे वजन जास्त आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. ही इंजेक्शनं मात्र सर्वसाधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा २७ पासून पुढे असून सोबत शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा त्रास असेल तर दिली जातात. कमरेचा घेरही लिहून ठेवा. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या पुढे घेर गेला, तर पोटाच्या चरबीकडे लक्ष द्यायला हवं.

तपासा : लग्नाआधी चार-पाच किलो उतरवायचे आहेत आणि बीएमआय २४ आहे? मग इंजेक्शनाचा विषय इथेच संपला. टप्पा १० वाचा, तो तुमच्यासाठी आहे.

टप्पा २ : घरातल्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. नवीन औषध घेण्याआधी, आपलंच एखादं औषध वजन वाढवत नाही ना, हे बघायचं असतं.

शुगरच्या पेशंटला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास चालू असते. त्यातलं मेटफॉर्मिन वजन वाढवत नाही, पण ग्लिमेपिराइड वाढवू शकतं. इन्सुलिन आणि पायोग्लिटाझोनचंही तसंच आहे. संधिवात किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, फिटसाठीचं व्हॅलप्रोएट, मानसिक आजारासाठीचं ओलांझापिन, ही यादीही लक्षात ठेवा. सगळ्यांनाच पर्याय असतो असं नाही, पण अनेकांना असतो आणि तो बऱ्याचदा इंजेक्शनाच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही इतका स्वस्त असतो.

पिशवीत "आयुर्वेदिक" म्हणून मिळालेली वजनाची पावडर किंवा बिनलेबलची कॅप्सूल असेल, तर तीही दाखवा. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून २०१० मध्ये हटवलेलं सिब्युट्रामिन अशा "नैसर्गिक" उत्पादनांत मिसळलेलं सापडलेलं आहे. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता आणि बॅच नंबर नसेल, तर ती पोटात जाता कामा नये.

सावधान : यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिटचं औषध किंवा स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

टप्पा ३ : तपासणी आणि डॉक्टर

एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या आजारांचे डॉक्टर) गाठा. खासगी फी जड जात असेल, तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. तिशीच्या पुढच्यांची बीपी आणि शुगरची प्राथमिक तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही होते.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हरच्या चाचण्या आणि कोलेस्टेरॉल, एवढं हातात असलं की डॉक्टरांना निर्णय घेता येतो. जुनी शुगर असेल, तर डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या. शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो.

या गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा : घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मूल हवंय का. सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोव्हीमधलं औषध) गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपटाइड (माउंजारोमधलं औषध) सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. त्या वेळी पुढचे चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. ही गोष्ट बायकांना फार क्वचित सांगितली जाते.

टप्पा ४ : इंजेक्शनाच्या अलीकडचे पर्याय

मेटफॉर्मिन : शुगर किंवा शुगरची पूर्वावस्था असलेल्यांसाठी. वजनात उतार थोडाच, दोनेक किलोंचा. पण गोळी अत्यंत स्वस्त आहे आणि जनऔषधी केंद्रात मिळते. जेवणानंतर घ्या. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : शुगरच्या पेशंटसाठी. लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे वजनही थोडं उतरतं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर भाव कोसळले. तुमच्या चिठ्ठीवर अजून जुना महागडा ब्रँड असेल, तर डॉक्टरांना विचारा. आषाढीचा कडक उपवास किंवा रोजे धरणार असाल, तर या गोळ्यांबद्दल आधी बोलून घ्या. उपाशीपोटी आणि पाण्याविना त्या धोकादायक ठरू शकतात.

ऑर्लिस्टॅट १२० मिग्रॅ : जेवणातली काही चरबी पचू देत नाही. तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच घ्यायची, जेवणात तेल-तूप नसेल तर ती गोळी सोडायची. इथे आपल्या शेंगा चटणीचा प्रश्न येतो. भाकरीवर चटणी, तिच्यावर तेलाची धार आणि पोटात ऑर्लिस्टॅट, असं झालं तर तेलकट जुलाब कपडे खराब करेपर्यंत होतात. लोक यालाच "औषध बाधलं" म्हणतात. ते बाधलेलं नसतं, जेवण बदललेलं नसतं. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत चार तासांचं अंतर ठेवा. व्हिटॅमिनची गोळी रात्री झोपताना घ्या.

टप्पा ५ : चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहून घ्या

डॉक्टरांनी ब्रँड लिहिला, तर मेडिकलवाल्याला कायद्याने स्वतःहून दुसरी कंपनी देता येत नाही. म्हणून जेनेरिक, म्हणजे तोच घटक असलेलं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध, हवं असेल, तर विनंती काउंटरवर नाही, डॉक्टरांच्या खोलीत करायची. चिठ्ठीवर घटकाचं नाव, मिग्रॅमधला डोस, आठवड्यातून एकदा की रोज, आणि डोस कधी वाढवायचा, एवढं स्पष्ट हवं.

नावं अशी लावा : ओझेम्पिक आणि वेगोव्ही म्हणजे सेमाग्लुटाइड. माउंजारो म्हणजे टिर्झेपटाइड. सॅक्सेंडा आणि व्हिक्टोझा म्हणजे लिराग्लुटाइड. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांना जेनेरिकचा रस्ता मोकळा झाला. लिराग्लुटाइडचं भारतीय औषध त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये ग्लेनमार्कने आणलं. टिर्झेपटाइडचं तसं नाही. त्याची "स्वस्त जेनेरिक" ऑफर कुणी ऑनलाइन दिली, तर तिथून निघा.

सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपातही आहे, रायबेलसस नावाने. ती शुगरच्या पेशंटसाठी आहे. तिला फ्रिज लागत नाही, पण सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास चहासुद्धा नाही. चहासोबत घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते.

टप्पा ६ : भाव पेनचा नाही, वर्षाचा काढा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जाहिरातीतला "फक्त इतक्या रुपयांत" हा भाव सुरुवातीच्या डोसचा असतो. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅने सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं चढत वजनासाठी २.४ मिग्रॅपर्यंत जाऊ शकतं. ०.२५ हा पोटाला सवय लावण्याचा डोस आहे. वजन उतरवणारा डोस पुढे असतो आणि पैसेही पुढे लागतात.

हिशेब असा करा. आठवड्याची चार इंजेक्शनं म्हणजे २८ दिवस. वर्षात असे १२ नाही, १३ महिने येतात. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिग्रॅची व्हायल (एका आठवड्याच्या इंजेक्शनाची छोटी बाटली) ३,५०० रुपयांना आणि ५ मिग्रॅची ४,३७५ रुपयांना होती. पहिला महिना १४,०००. पुढचे बारा महिने ५ मिग्रॅवरच राहिलात तरी १७,५०० प्रमाणे २,१०,०००. एकूण २,२४,००० रुपये. डोस त्याच्या वर गेला तर आणखी. ज्या घरात यंत्रमागाच्या पगारावर महिना निघतो, तिथे हा आकडा सुरुवातीलाच कागदावर यायला हवा.

जेनेरिकलाही हाच हिशेब लावा. लिराग्लुटाइडचं भारतीय औषध आलं तेव्हा रोज १.२ मिग्रॅचा खर्च दिवसाला साधारण १०० रुपये सांगितला होता. तो शुगरचा डोस झाला. वजनासाठी रोज ३ मिग्रॅ लागतं, म्हणजे अडीचपट. त्या भावाने २८ दिवसांचे ७,००० रुपये.

आणि स्वस्तासोबत परिणामही बघा. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, लिराग्लुटाइड ३ मिग्रॅने ५६ आठवड्यांत ८ टक्के. ८० किलोच्या माणसात १२ किलो आणि ६.४ किलो. दर किलोमागे खर्च काढला, तर रोजची सुई दरवेळी स्वस्त पडेलच असं नाही.

दोन अॅप मोबाइलवर ठेवा. "फार्मा सही दाम"वर एकाच घटकाच्या वेगवेगळ्या ब्रँडचे भाव दिसतात. "जनऔषधी सुगम"वर जवळचं केंद्र आणि तिथल्या औषधांची किंमत कळते.

तपासा : हिशेबात सुया, तपासण्या आणि डॉक्टरांची फी धरली का? किमान वर्षभर झेपेल का? नसेल, तर टप्पा ४ वरच थांबणं शहाणपणाचं आहे.

टप्पा ७ : खरेदी

परवाना असलेल्या मेडिकलमधून, बिल घेऊन. बिलावर बॅच नंबर आणि मुदत हवी, आणि ती खोक्यावरच्याशी जुळायला हवी. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता, तेव्हा ही शंका हवेतली नाही. बिल न देता मिळणारं, "परदेशातून आणलंय" म्हणून जिममध्ये मिळणारं, किंवा पाणी घालून विरघळवायची "रिसर्च" पावडर, तिन्ही नकोत. संशय आला तर खोकं न फेकता अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात तक्रार द्या.

दोघांत एक पेन वाटून घेणं बंद करा. सुई बदलली तरी पेनमध्ये रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो. नवरा-बायकोतही नाही.

टप्पा ८ : सोलापूरचा उन्हाळा आणि फ्रिज

न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. उघडल्यावर बरीच पेनं ठराविक दिवस ३० अंशांपर्यंत बाहेर चालतात, दिवस किती ते खोक्यातल्या कागदावर असतं. पण एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्रीही ३० च्या खाली येत नाही. म्हणजे आपल्यासाठी "खोलीच्या तापमानात चालेल" हे वाक्य उन्हाळ्यात लागू नाही. उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच.

मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका, बर्फाच्या खणाजवळ नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचं. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. माठाजवळ ठेवलेलं पेन पुरेसं थंड राहत नाही.

आणायला सकाळी किंवा सूर्य मावळल्यावर जा. आइस पॅक फडक्यात गुंडाळून न्या, पेनला थेट लावू नका. मेडिकलमधून पेन घेऊन दुचाकीच्या डिकीत टाकायचं, मग नव्या पेठेत तासभर खरेदी करायची, हे हमखास होतं आणि ते महागात पडतं. कुरिअरने मागवलेलं पेन कोमट आलं तर स्वीकारू नका. उष्णतेने खराब झालेलं औषध दिसायला बऱ्याचदा चांगल्यासारखंच असतं.

टप्पा ९ : सुई आणि सिरिंज

पेन असेल तर काम सोपं. औषध स्वच्छ आणि रंगहीन आहे ना, ते बघा. दरवेळी नवी सुई लावा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर, किंवा मांडीच्या वरच्या बाजूला टोचा, जागा दर आठवड्याला बदला. बटण दाबून मनात सहापर्यंत मोजा, मगच सुई काढा.

स्वस्त म्हणून व्हायल घेतली, तर इथे थांबून नीट वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० युनिटची. पहिलीत १ मिली म्हणजे ४० युनिट, दुसरीत १ मिली म्हणजे १०० युनिट. कुणी सांगितलं "१० युनिट ओढा". केशरी सिरिंजवर ते ०.१ मिली होतं. लाल सिरिंजवर त्याच १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ०.२५ मिली आत गेलं, म्हणजे अडीचपट डोस. दोन-तीन दिवस सतत उलट्या, सलाइन आणि दवाखान्याचं बिल. घरात आजोबांच्या इन्सुलिनची लाल सिरिंज असते, तीच हाताला लागते. म्हणून डोस कधीही "युनिट"मध्ये मान्य करू नका. डॉक्टरांकडून किती मिग्रॅ आणि किती मिली, दोन्ही लिहून घ्या आणि व्हायलसोबत त्यासाठीचीच सिरिंज मागा. पहिलं इंजेक्शन डॉक्टर किंवा सिस्टरसमोर भरा.

एकदा वापरायची व्हायल अर्धी करून पुढच्या आठवड्याला ठेवू नका, जंतुसंसर्ग होऊ शकतो. पेनच्या "क्लिक" मोजून डोस वाढवण्याचे व्हिडिओही पाहून करू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा आणि दवाखान्यात द्या. घंटागाडीत सुटी सुई गेली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

लगेच दवाखान्यात जा : पोटात जोरात दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल. उन्हाळ्यात हे किडनीपर्यंत जायला वेळ लागत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सोबत असेल, तर घाम, थरथर आणि गोंधळणं ही शुगर उतरल्याची खूण आहे. साखर द्या आणि डॉक्टरांना कळवा. ऑपरेशन ठरलं असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आवर्जून सांगा.

टप्पा १० : ताट

इंजेक्शनाने भूक मरते, म्हणून लोक नुसता चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. मग चरबीसोबत स्नायूही झडतात, अंगात ताकद राहत नाही. साधारण ७० किलोच्या माणसाला दिवसात ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, मात्र किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात सहा ग्रॅम, ३० ग्रॅम सोयावड्यांत पंधरा. बाकी मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दही आणि घट्ट वरण यांतून जमवा.

भाकरी सोडू नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीत दोष नाही, दोष तिच्यासोबत जाणाऱ्या तेलात आहे. शेंगा चटणी ताटात एक चमचा घ्या आणि वरची तेलाची धार थांबवा. ताटात आधी उसळ आणि भाजी संपवा, भाकरी नंतर. मळमळ असेल तर थोडं-थोडं, चार वेळा खा, रात्री लवकर जेवा, तळलेलं टाळा. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, पायऱ्या, वजन उचलणं असं स्नायूंना ताण देणारं काहीतरी करा. सिद्धेश्वर तलावाभोवती फेरी मारणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

टप्पा ११ : डोस चुकला, पैसे अडले, थांबवायचं आहे

सेमाग्लुटाइडचा डोस चुकून पाच दिवसांच्या आत आठवलं, तर घ्या. त्यापुढे गेलं तर तो सोडून ठरलेल्या वारी पुढचा घ्या. दोन एकत्र घेऊ नका. दोन किंवा अधिक आठवडे खंड पडला असेल, तर जुन्याच मोठ्या डोसवर परत जाऊ नका. बऱ्याचदा खालून सुरुवात करावी लागते, ते डॉक्टर ठरवतात. ब्रँडवरून जेनेरिकवर येताना घटक तोच असेल, तर मिग्रॅ आणि वार तोच ठेवतात. सेमाग्लुटाइडवरून टिर्झेपटाइडवर जाताना मिग्रॅला मिग्रॅ असा हिशेब चालत नाही.

सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे पैसे संपत आल्यावर शेवटचं पेन संपवून गप्प बसू नका. महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की पुढचा खर्च झेपत नाही. तेव्हा कमी डोसवर टिकवणं, लिराग्लुटाइड किंवा टप्पा ४ मधल्या गोळ्यांवर उतरणं, शुगरची औषधं पुन्हा जुळवणं, हे सगळं करता येतं. थांबवल्यानंतरचे पहिले तीन महिने दर आठवड्याला वजन लिहा आणि दोन किलोंच्या वर वाढ दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन दाखवायला जा.